झिजलेलं बेअरिंग नेमकं काय सिद्ध करतं?



पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न फिरून फिरून येतो: "हे तुम्ही कशावरून म्हणता?" त्याचं उत्तर पाठ करून देता येत नाही, कारण तो विषयाचा प्रश्न नसतो, पुराव्याचा असतो. म्हणून आज आपण शोधनिबंध न घेता एक युक्तिवाद तपासायला घेऊ. हा युक्तिवाद प्रयोगशाळेत नाही, गॅरेजमध्ये तयार झालाय. पण त्यात निरीक्षण आहे, मोजमाप आहे, कार्यकारणभाव आहे आणि शेवटी एक महागडा उपायही आहे. म्हणजे तुमच्या सिनॉप्सिसमध्ये जे जे असायला हवं, ते सगळं आहे.

बीएमडब्ल्यूच्या एम ३ गाडीत २००७ ते २०१३ या काळात एस ६५ नावाचं व्ही ८ इंजिन येत असे. जवळपास ४ लिटरचं, कुठलाही टर्बो नसलेलं, आणि कमाल ताकद मिनिटाला ८,३०० फेऱ्यांवर देणारं. या इंजिनाबद्दल युरोप-अमेरिकेतल्या अनेक गाडीमालकांचं आणि स्वतंत्र गॅरेजवाल्यांचं एक मत आता पक्कं बसलंय. ते असं: "कनेक्टिंग रॉडची बेअरिंग्ज वेळेआधी झिजतात, कारण कारखान्यातूनच त्यांना फट कमी दिलेली आहे, म्हणून आवाज यायची वाट बघू नका, बेअरिंग्ज आधीच बदला, आणि बदलताना जास्त फट देणारी बसवा."

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. त्यात तीन वेगवेगळे दावे एकाच दमात सांगितलेत. 'झिजतात' हे निरीक्षण आहे. 'फट कमी आहे म्हणून झिजतात' हे स्पष्टीकरण आहे. 'आधीच बदला' हा निर्णय आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की या तिघांना लागणारा पुरावा वेगवेगळा आहे, आणि निर्णयाच्या पुराव्यावर स्पष्टीकरण खपवलं जातंय. निर्णय कदाचित बरोबरही असेल. पण त्याने स्पष्टीकरण सिद्ध होत नाही.

आधी वस्तू समजून घेऊ

बेअरिंग म्हटलं की आपल्याला सायकलच्या चाकातले छर्रे आठवतात. इथे छर्रे नाहीत. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याच्या मोठ्या टोकाला गोल भोक असतं, आणि त्या भोकात दोन अर्धगोल पातळ पत्रे बसवलेले असतात. हे पत्रे म्हणजेच शेल. त्यांच्या आत क्रँकपिन फिरते. पारंपरिक शेल थराथरांचं असतं: मागे पोलाद, त्यावर तांबं आणि शिसं यांच्या मिश्रधातूचा थर, आणि सगळ्यात वर काही मायक्रॉन जाडीचा मऊ थर. वरचा मऊ थर गेला की आतलं तांबूस दिसू लागतं. "तांबं दिसलं" हा जो शब्दप्रयोग गॅरेजमध्ये ऐकू येतो, त्याचा अर्थ हा.

चालू इंजिनात पिन आणि शेल एकमेकांना टेकणं अपेक्षितच नसतं. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो आणि सगळा भार तो पापुद्रा उचलतो. ही गोष्ट १८८३ मध्ये ब्यूचॅम्प टॉवर या इंग्लिश अभियंत्याच्या प्रयोगांतून समोर आली. तो रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगचा अभ्यास करत होता. बेअरिंगच्या वरच्या भागात तेल सोडण्यासाठी त्याने भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने भोकात बूच मारलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्याने तिथे दाब मोजायचं यंत्रच लावलं. फिरणारा दांडा स्वतःच तेल आत ओढून दाब तयार करतो, हे त्या बुचाने दाखवून दिलं, आणि १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच समीकरणावर उभं आहे.

आता एस ६५ चे आकडे घ्या. पिस्टनचा स्ट्रोक ७५.२ मिमी. ८,३०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला सुमारे २०.८ मीटर. हे तुम्ही स्वतः काढून बघा: स्ट्रोकची दुप्पट गुणिले फेऱ्या, भागिले ६०. वरच्या टोकाला पिस्टन थांबून उलटा फिरतो तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या तीन हजार पटींच्या वर जातं. क्रँकपिनचा व्यास साधारण ५२ मिमी, म्हणजे तिचा पृष्ठभाग शेलवरून सेकंदाला २२ मीटरच्या वर वेगाने सरकतो. हे सगळं सांभाळणारा तेलाचा पापुद्रा सगळ्यात पातळ जागी काही मायक्रॉनचा, कधी त्याहूनही कमी.

तो पापुद्रा फाटला की धातू धातूला घासतो. फार झालं तर शेल जागेवरून फिरतं, रॉडचा ठोका ऐकू येतो, आणि तोवर बहुतेक वेळा इंजिन गेलेलं असतं.

युक्तिवाद त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात

समीक्षा करताना समोरच्याचं म्हणणं आधी जितकं मजबूत मांडता येईल तितकं मांडायचं. नाहीतर आपण बुजगावण्याशी कुस्ती खेळतो. तर, मालकांच्या बाजूने जमेची ही यादी.

एक, झिजलेल्या शेलचे फोटो भरपूर आहेत, आणि त्यात निव्वळ निष्काळजी मालकांच्याच गाड्या नाहीत. दोन, इंजिन बांधणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: पिनच्या व्यासाच्या दर इंचामागे इंचाचा हजारावा भाग फट. ५२ मिमीच्या पिनसाठी ही फट सुमारे ५२ मायक्रॉन येते. ज्यांनी एस ६५ मोजलं, त्यांच्यापैकी अनेकांना यापेक्षा कमी फट मिळाली. तीन, या इंजिनाला १० डब्ल्यू-६० हे बरंच जाड तेल लागतं. १०० अंश सेल्सिअसला ६० दर्जाच्या तेलाची व्हिस्कॉसिटी किमान २१.९ सेंटिस्टोक असावी लागते, तर ३० दर्जाच्या तेलाची १२.५ च्या आतच असते. बारीक फटीत जाड तेल ढकलणं अवघड, हे कोणालाही पटेल. चार, पूर्वेतिहास आहे. आधीच्या पिढीच्या एम ३ मधल्या एस ५४ या सहा सिलिंडरच्या इंजिनात रॉड बेअरिंगचा प्रश्न खुद्द कंपनीने हाताळला होता. २००३ मध्ये मोहीम काढून बेअरिंग्ज बदलून दिल्या होत्या.

हे थोडंथोडकं नाही. उलट मी म्हणेन की कुठलाही निधी नसताना स्वतःच्या खिशातून इंजिनं उघडून मायक्रोमीटर लावणाऱ्या लोकांचं काम कौतुकाचं आहे. आता प्रश्न विचारू.

छेद कुठे आहे?

शंभर झिजलेल्या बेअरिंगचे फोटो म्हणजे अपूर्णांकाचा अंश. छेद कुठे आहे? किती इंजिनं उघडली, त्यातली किती झिजलेली निघाली, आणि किती कधी उघडलीच गेली नाहीत? ज्याचं बेअरिंग स्वच्छ निघालं तो फोटो काढायच्या भानगडीत पडत नाही, किंवा पडला तरी तो फोटो कोणी पुढे पाठवत नाही.

पण इथेच थांबू नका. "नमुना पक्षपाती आहे" एवढं म्हणून हात झटकणं ही नवशिक्या समीक्षकाची खोड आहे. पक्षपात कुठल्या दिशेने आणि किती, ते सांगावं लागतं. इंजिनं दोन प्रकारे उघडली जातात. काही ठोका आल्यावर. त्यातली बेअरिंग्ज वाईट असणारच. काही मात्र काहीही तक्रार नसताना, केवळ खबरदारी म्हणून. हा दुसरा गट फार मोलाचा आहे, कारण त्यांनी इंजिन उघडलं ते बिघाडामुळे नाही. त्या गटातही तांबं दिसत असेल, तर 'झिजतात' हे निरीक्षण बऱ्यापैकी उभं राहतं. या गटाचाही कल असतोच: खबरदारी घेणारा मालक तेलही वेळेवर बदलत असणार, म्हणजे सरसकट गाड्यांची स्थिती यापेक्षा वाईट असू शकते. दुसरीकडे हाच मालक रेस ट्रॅकवर गाडी पिळणाराही असू शकतो. पक्षपाताचे दोन बाण विरुद्ध दिशांना जातात. तुमच्या नमुन्याबद्दल इतकं लिहिता आलं, तर परीक्षकाला विचारायला फारसं उरत नाही.

झीज म्हणजे बिघाड नव्हे

दुसरी उडी अशी की 'झिजलं आहे' याचं परस्पर 'निकामी होणार होतं' असं भाषांतर होतं. मालकाला चिंता असते ती शेल फिरून इंजिन जाण्याची. फोटोत दिसतो तो वरचा थर गेल्याचा. पहिली गोष्ट दुसरीच्या मागोमाग किती वेळा आणि किती किलोमीटरनंतर येते, हे कोणी नोंदवलेलं नसेल, तर झीज हा केवळ पर्यायी निदर्शक आहे. मऊ थर मुळात घातलेलाच असतो तो थोडं घासलं जाणं सोसण्यासाठी आणि बारीक कण आपल्यात रुतवून घेण्यासाठी. एका तांबूस शेलवरून "अजून हजार किलोमीटर गेली असती तर इंजिन गेलं असतं" हे ठामपणे सांगणारा माणूस दोन मोजमापांच्या मधली रेघ एकाच बिंदूवरून काढतोय.

याच्याशीच जोडलेली एक गंमत. बरेच मालक वापरलेलं तेल प्रयोगशाळेत पाठवून त्यातलं शिसं आणि तांबं मोजून घेतात. कल्पना चांगली आहे. पण वाहनांमधलं शिसं कमी करण्यासाठी युरोपीय महासंघाने २००० मध्ये निर्देश काढला. इंजिनाच्या बेअरिंगना काही काळ सूट होती, पण उद्योग हळूहळू शिसं नसलेल्या शेलकडे वळला. एस ६५ च्या उत्पादनाच्या उत्तरार्धातही ॲल्युमिनियम-कथिलाची शेल आली. आता या नव्या शेलचं इंजिन कितीही झिजलं, तरी शेलमधून तेलात शिसं येणार कुठून? "अहवालात शिसं वाढलेलं नाही, म्हणजे नवी शेल टिकतात" असा निष्कर्ष काढला, तर आपण बेअरिंगचा नाही, आपल्या मोजपट्टीचाच शोध लावला. शिवाय नेहमीच्या वर्णपटीय तपासणीत अगदी बारीक कण पकडले जातात. मोठे तुकडे निसटतात. म्हणजे सावकाश झीज दिसते, आणि अचानक उडालेली खपली दिसेलच असं नाही.

तुमच्या विषयातही साधन आणि नमुना एकाच वेळी बदलले असतील, तर आधी हा प्रश्न विचारा: जे दिसत नाही ते खरंच नाही, की आता ते दिसण्याची सोयच नाही?

सिद्धान्त दोन्हीकडून साक्ष देतो

आता मुख्य दाव्याकडे येऊ: फट कमी, म्हणून झीज. ऐकायला अगदी सरळ वाटतं. फट अर्धी केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर पंपाच्या दाबाने बेअरिंगमधून वाहणारं तेल साधारण एक अष्टमांश होतं, कारण प्रवाह फटीच्या घनाप्रमाणे बदलतो. तेल कमी वाहिलं की उष्णता कमी वाहून नेली जाते, तापमान वाढतं, तेल पातळ होतं, पापुद्रा दुबळा होतो. झालं सिद्ध?

थांबा. त्याच सिद्धान्तात भार पेलण्याच्या क्षमतेचं एक गुणोत्तर आहे, सोमरफेल्ड अंक. त्यात पिनची त्रिज्या भागिले फट याचा वर्ग येतो. फट अर्धी केली की हा अंक चौपट होतो. म्हणजे तापमान तेच राहिलं, तर बारीक फट बेअरिंगला भार पेलायला *मदत* करते. दोन परिणाम विरुद्ध दिशेला ओढतात आणि मध्ये कुठेतरी सुवर्णमध्य असतो. तो सुवर्णमध्य एस ६५ साठी ५२ मायक्रॉनच्या वर आहे की खाली, हे दर इंचामागच्या ठोकताळ्यावरून कळत नाही. तो ठोकताळा अनुभवातून आलेला आणि उपयोगी आहे. पण तो एका विशिष्ट इंजिनाविरुद्धचा पुरावा नव्हे.

जी यंत्रणा दोन्ही निकालांचं स्पष्टीकरण देऊ शकते, ती दोघांतल्या एकाची साक्षीदार होऊ शकत नाही. प्रस्तावात आपण बऱ्याचदा 'संभाव्य यंत्रणा' म्हणून एक परिच्छेद लिहितो आणि तोच पुरावा असल्यासारखे पुढे जातो. तो परिच्छेद उलट्या निकालासाठीही लिहून बघा. तितक्याच सहज लिहिता आला, तर त्याने काहीच सिद्ध केलेलं नाही.

आणखी एक अडचण आहे. एक बाजू म्हणते फट कमी, दुसरी म्हणते तेल जाड, विशेषतः थंड इंजिन लगेच पिळलं तर. हे दोन पक्ष भांडतात, पण घर्षणाच्या साध्या सूत्रात फट आणि व्हिस्कॉसिटी वेगवेगळ्या येतच नाहीत. व्हिस्कॉसिटी वर आणि फट खाली, अशा एकाच अपूर्णांकात येतात. पातळ तेल घालून किंवा फट वाढवून हा अपूर्णांक सारखाच बदलता येतो. त्यामुळे नुसती झीज बघून दोघांपैकी दोषी कोण ते ठरवता येत नाही. वेगळा अंदाज हवा. थंड, जाड तेल दोषी असेल, तर झीज किलोमीटरपेक्षा थंड अवस्थेत इंजिन किती वेळा सुरू झालं त्याच्याशी जास्त जुळायला हवी. रोज पाच किलोमीटर जाणारी गाडी आणि हायवेवर रोज दोनशे जाणारी गाडी यांची तुलना इथे बोलकी ठरेल. असा अंदाज आधी मांडून मग इंजिन उघडल्याची नोंद माझ्या वाचनात तरी आलेली नाही.

वजाबाकीतली चूक

फट थेट मोजत नाहीत. आधी शेल बसवून, बोल्ट ठरल्याप्रमाणे आवळून रॉडच्या भोकाचा व्यास मोजतात, मग पिनचा व्यास मोजतात आणि वजाबाकी करतात. दोन मोठ्या आकड्यांतून उरणारा छोटा आकडा म्हणजे संशोधकाने सगळ्यात जास्त सांभाळायची जागा. समजा दोन्ही मोजमापांत तीन-तीन मायक्रॉनची अनिश्चितता आहे. वजाबाकीत ती सुमारे चार होते. ५२ हजार मायक्रॉनमध्ये तीन काहीच नाहीत. पण वाद ज्या दहा-वीस मायक्रॉनवर चाललाय, त्यात चार पुष्कळ झाले.

तापमानाचंही बघा. पोलाद दर अंशाला मीटरमागे ११-१२ मायक्रॉन प्रसरण पावतं. ५२ मिमीची पिन आणि रॉड यांच्या तापमानात मोजताना १० अंशांचा फरक राहिला, एक उन्हात आणि दुसरं सावलीत, तर सहा मायक्रॉन तिथेच आले किंवा गेले. म्हणून फटीचा आकडा सांगणाऱ्याने साधन कोणतं, खोलीचं तापमान किती, बोल्ट कसे आवळले आणि प्रत्येक माप किती वेळा घेतलं, हे सांगितलंच पाहिजे. त्याशिवायचा आकडा दशांश चिन्हानंतर कितीही लांब असला, तरी तो मत आहे, मोजमाप नाही.

आणि हो, मोजणाऱ्यांपैकी काहीजण जास्त फटीची बेअरिंग्ज विकतातही. त्याने त्यांचं माप खोटं ठरत नाही. पण कच्ची नोंद बघायला मागायचं कारण नक्की मिळतं.

बदलल्यावर काही झालं नाही, म्हणजे?

"आमच्याकडे तीस गाड्यांना नवी बेअरिंग्ज घातली, एकही परत आली नाही." हे वाक्य समजा तुमच्यासमोर आलं. संख्याशास्त्रात यासाठी सोपा नियम आहे. n पैकी शून्य घटना दिसल्या, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर खरं प्रमाण जास्तीत जास्त ३ भागिले n असू शकतं. तीस गाड्यांसाठी ते दहा टक्के. म्हणजे बिघाडाचं प्रमाण दहा टक्के असूनही तीसच्या तीस गाड्या सुखरूप दिसू शकतात. मूळ बेअरिंगच्या बिघाडाचं प्रमाणही त्याच्या आतच असेल, तर या शून्याने काहीच वेगळं सांगितलं नाही. त्यात पाठपुरावा दोन वर्षांचा आणि झीज व्हायला लागणार आठ वर्षं, असंही असू शकतं.

शिवाय बदलताना एकच गोष्ट बदलत नाही. शेल नवं, त्याची धातू कदाचित वेगळी, फट वेगळी, रॉडचे बोल्ट नवे, तेल ताजं, आणि मालक आता इंजिन गरम होईपर्यंत हळू चालवणारा. सहा औषधं एकदम दिली आणि ताप उतरला. श्रेय मात्र एकाच गोळीला.

जो प्रयोग आयता पडून आहे

आता नुसती टीका करून मोकळं होणं बरं नाही. याच इंजिनात एक सुंदर तुलना दडलेली आहे. एका एस ६५ मध्ये आठ रॉड असतात. आठांनाही मालक तोच, तेल तेच, किलोमीटर तेवढेच, थंडीतल्या सुरुवाती तेवढ्याच. वेगवेगळ्या गाड्यांची तुलना करताना जे घटक गोंधळ घालतात, ते इथे आपोआप समान झालेत. त्यात क्रँकच्या चार पिना, आणि प्रत्येक पिनवर शेजारी शेजारी दोन रॉड. म्हणजे जोडीतल्या दोघांची पिनही एकच.

फट हे कारण असेल, तर अंदाज स्पष्ट आहे: एकाच इंजिनात ज्या रॉडची मूळ फट सगळ्यात कमी, तिथे झीज जास्त दिसायला हवी. असा संबंध अनेक इंजिनांत पुन्हा पुन्हा दिसला, तर फटीच्या बाजूने मोठी गोष्ट झाली. नाही दिसला, किंवा उलटा दिसला, तर त्या स्पष्टीकरणाला धक्का बसेल.

अडचण एकच: झिजलेल्या शेलवरून मूळ फट सरळ कळत नाही. शेलची जाडीही मुद्दाम सगळीकडे सारखी ठेवलेली नसते, मधोमध जास्त आणि कडांकडे कमी असते. म्हणून हा अभ्यास मागे बघून नव्हे, पुढे बघून करावा लागेल. नवी बेअरिंग्ज बसवताना आठही फटी मोजायच्या, सिलिंडर क्रमांकासह लिहून ठेवायच्या, आणि पुढे कधी चेंबर उतरवलंच तर तीच शेल त्याच क्रमाने तपासायची. तपासणाऱ्याला फटीचे आकडे आधी दाखवायचे नाहीत. खर्च होतो एका वहीचा. दर आठवड्याला कुठेतरी हे काम होतंय. प्रयोगाची सुरुवात झालेली आहे, फक्त ती कोणी लिहून ठेवत नाही.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, परीक्षेलाही उपयोगी पडेल. "एका इंजिनातून सोळा अर्धी शेल मिळाली, म्हणजे n बरोबर १६" हे बरोबर की चूक? प्रश्नावर अवलंबून आहे. प्रश्न 'जाड तेलाने झीज वाढते का' असा असेल, तर सोळाही शेलनी एकच तेल पाहिलंय. तुमचा n एक आहे आणि बाकी खोटी पुनरावृत्ती. प्रश्न फटीचा असेल, तर त्याच इंजिनातले आठ रॉड एकमेकांचे नियंत्रण गट होतात. वस्तू तीच, मोजमाप तेच. N मात्र प्रश्नाने ठरतो.

मग बदलायची की नाही?

मालक हे सगळं ऐकून वैतागून विचारेल, "ते राहू दे, बदलू की नको?" त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्या सगळ्या प्रयोगांची वाट बघायची गरज नाही. निर्णयाचं गणित वेगळं. समजा नव्या इंजिनाचा खर्च बेअरिंग बदलण्याच्या खर्चाच्या आठपट आहे. तर बदलल्यामुळे बिघाडाची शक्यता एक अष्टमांशापेक्षा, म्हणजे साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त कमी होत असेल, तर पैशाच्या हिशोबाने बदलणं परवडतं. लक्षात घ्या, शक्यता किती *आहे* हे नव्हे, किती *कमी होते* हे. आणि कामाचा स्वतःचा धोकाही त्यातून वजा करा. गाडीखाली झोपून, सबफ्रेम उतरवून, चेंबर काढून हे काम होतं. एक धुळीचा कण, दुसऱ्याच रॉडला बसलेली कॅप, किंवा चुकीचा आवळलेला बोल्ट, यांतलं काहीही चांगल्या इंजिनाला पुरेसं आहे.

हा निर्णय घ्यायला झीज फटीमुळे होते की तेलामुळे हे माहीत असण्याची गरज नाही. वीस वर्षांच्या गाडीतला जुना रबरी पाइप आपण कारण न शोधता बदलतोच. पण पुढची पायरी, म्हणजे 'जास्त फट देणारीच बसवा', हा निर्णय मात्र स्पष्टीकरणावर उभा आहे. तिथे कारण चुकलं तर उपायही चुकतो, आणि भार पेलायची क्षमता आपणच कमी करून ठेवतो. म्हणून माझा कौल असा: झीज होते, हे निरीक्षण मान्य करण्याजोगं, आधी बदलणं, हा मालकाच्या खिशाप्रमाणे समर्थनीय निर्णय, फट हे कारण, हे अजून गृहीतक. चांगलं गृहीतक आहे. पण ते सिद्ध झाल्यासारखं विकलं जातंय.

आता तुमच्या प्रस्तावातलं सगळ्यात लाडकं वाक्य काढा, ज्यावर सगळा डोलारा उभा आहे ते. त्याच्यात 'कारण', 'मुळे', 'म्हणून' हे शब्द कुठे आहेत त्यांच्याखाली रेघ मारा आणि वाक्य तिथे तिथे तोडा. प्रत्येक तुकड्यासमोर लिहा: हे निरीक्षण, हे स्पष्टीकरण, हा निर्णय. मग प्रत्येकापुढे त्याचा स्वतःचा पुरावा लिहा, शेजारच्याचा उसना न घेता. एखाद्या तुकड्यापुढची जागा रिकामी राहिली, तर घाबरू नका. तुमचा संशोधन प्रश्न बहुतेक तिथेच आहे.